नोकरी सोडून रॉक बँडमध्ये पूर्णवेळ ड्रम वाजवायला उतरावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २६, नोकरी सांभाळून पाच वर्षं एकाच रॉक बँडमध्ये ड्रम वाजवताय. आता पहिला अल्बम रेकॉर्ड करायचा आहे आणि पाठोपाठ तीन महिन्यांचा दौरा. बाकीचे तिघं नोकऱ्या सोडून उतरायला तयार आहेत. तुम्ही अडलात ते दोन शंकांपाशी. एक, हात पुरेसा जलद नाही आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायचं पेडल) अजून बसलेलं नाही. दोन, नुसते ड्रम वाजवून आयुष्य निघेल का.

मी गेली २८ वर्षं ड्रम वाजवतोय आणि त्यातली २२ वर्षं घर त्याच्यावरच चाललंय. या काळात चार बँड झाले, तीन मोडले. उरलेलं काम म्हणजे इतरांच्या गाण्यांवर स्टुडिओत वाजवणं, कुणाचा ड्रमर आजारी पडला की त्याच्या जागी दौऱ्यावर जाणं, आणि शिकवणं. एकाच मोठ्या बँडमध्ये शेवटपर्यंत राहिलेला ड्रमर तुम्हाला कदाचित वेगळं सांगेल. मी सांगतोय ते माझ्या वाटेवरून दिसलेलं.

वेगाचं आधी संपवतो. तुमचा बँड मेटल वाजवत असता, तर डबल पेडल हा कामाचाच भाग झाला असता आणि ते शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून गाणी मध्यम लयीतली आहेत, गायकाच्या आवाजाभोवती बांधलेली आहेत. अशा संगीतात हात जलद नाही म्हणून काम गेलेला ड्रमर मी आजवर पाहिलेला नाही. लय टिकत नाही म्हणून गेलेले पाहिले, गाणं सुरू असताना फक्त स्वतःलाच ऐकतात म्हणून गेलेले पाहिले, साउंडचेकला तासभर उशिरा येतात म्हणून तर कितीतरी.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. 'हा बँड चालेल का' आणि 'ड्रमर म्हणून माझं चालेल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकच समजून चाललाय. पहिल्याचं उत्तर कुणापाशीच नाही. चार माणसांचे स्वभाव, तब्येती, घरची माणसं, पैसा आणि नशीब यांतलं काहीही एक बिघडलं की बँड थांबतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडेच बघा. चार्ली वॉट्स जानेवारी १९६३ मध्ये रोलिंग स्टोन्समध्ये आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिला. एकच बँड, ५८ वर्षं. आपण सगळे मनातल्या मनात हेच चित्र धरून बसतो, पण हा अपवाद आहे. रिंगो स्टारचा बँड १९७० मध्ये संपला तेव्हा तो तिशीचाही नव्हता. पुढचं आख्खं आयुष्य त्याला बीटल्सशिवाय वाजवायचं होतं आणि तो वाजवत राहिला. १९८९ पासून स्वतःच्या ऑल-स्टार बँडबरोबर दौरे करतोय. डेव्ह ग्रोल १९९० मध्ये निर्वाणा या बँडमध्ये ड्रमर म्हणून आला आणि १९९४ मध्ये तो बँडच संपला. पुढच्याच वर्षी त्याच्या फू फायटर्स या नव्या बँडचा पहिला अल्बम आला, त्यात जवळजवळ सगळी वाद्यं त्यानं स्वतः वाजवली होती. ते जमलं, कारण निर्वाणामध्ये ड्रमच्या मागे बसलेला असतानाही तो गिटारवर स्वतःची गाणी रचत होता, घरी टेप करून ठेवत होता. बँड मोडल्यावर शिकायला बसला असता तर उशीर झाला असता.

म्हणून नोकरीचा निर्णय घेण्याआधी स्वतःला विचारा: उद्या हा बँड मोडला, तर परवा मला कुणाचा फोन येईल? एकही नाव डोळ्यांसमोर येत नसेल, तर निदान आत्ता तुमच्या हातात बँड आहे, करिअर नाही.

फोन कशामुळे येतो ते माझ्याच एका उदाहरणावरून सांगतो. माझा तिसरा बँड दौऱ्याच्या अकरा दिवस आधी मोडला. गायक आणि गिटारिस्ट यांचं पटेनासं झालं होतं, त्यात माझं काहीच चालण्यासारखं नव्हतं. नवव्या दिवशी एका बॅसिस्टचा फोन आला. आमची ओळखही धड नव्हती, एकदा एकाच मंचावर त्यांच्या बँडनंतर आम्ही वाजवलं होतं एवढंच. त्यांचा ड्रमर हात मोडून घरी बसला होता. मीच का, असं मी पुढे त्याला विचारलं. तो म्हणाला, त्या रात्री तुमच्या गिटारिस्टची तार तुटली होती, आठवतं? मला अंधूक आठवत होतं. तार तुटल्याबरोबर मी आवाज खाली आणला होता, स्नेअरच्या (समोरच्या चपट्या ड्रमच्या) कडेवर काठी आडवी टाकून टक-टक ठेवली, हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) बंद करून बारीक चालू ठेवला. आमच्या बॅसिस्टनं त्यावर दोन सूर धरले. गिटार बदलेपर्यंत चाळीसेक सेकंद आम्ही तेवढंच वाजवत होतो, लोकांना वाटलं गाणं असंच आहे. त्याच कार्यक्रमात शेवटच्या गाण्यात मी एक लांबलचक सोलो वाजवला होता, महिनाभर तयारी करून. तो त्या बॅसिस्टच्या लक्षातही नव्हता.

आता कौशल्याकडे येतो, कारण अल्बम तोंडावर आहे आणि स्टुडिओत जे उघडं पडतं ते तालमीच्या खोलीत कधीच दिसत नाही.

माझं पहिलं खरं रेकॉर्डिंग मी २३ वर्षांचा असताना झालं. कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारा ठरावीक टक-टक आवाज, होता. दुसऱ्या टेकनंतर रेकॉर्डिस्टनं मला काचेच्या पलीकडे बोलावलं, बाकीची सगळी वाद्यं बंद केली आणि फक्त किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर आणि क्लिक ऐकवला. कडव्यात तिन्ही एकमेकांवर नीट बसत होते. कोरसच्या आधी एका मापाचा (चार मात्रांच्या एका फेऱ्याचा) फिल, म्हणजे ठेका सोडून भरीला वाजवायचा तुकडा, होता, आणि दर वेळी त्या फिलमध्ये मी पुढे पळत होतो. कोरस सुरू झाला की आधी स्नेअर, मग क्लिक, असा दुहेरी टक-टक आवाज येत होता. चार मापं गेली की मी परत जागेवर यायचो. पाच टेक झाले, पाचही वेळा तेच. उत्साह वाढला की हात पळतो, एवढं साधं कारण होतं, पण पाच वर्षं वाजवून मला ते माहीत नव्हतं. शेवटी त्यातल्या दोन गाण्यांवर दुसऱ्या ड्रमरनं वाजवलं. त्याचे फिल माझ्यापेक्षा साधे होते. त्यातला एकेक ठोका मात्र जागच्या जागी होता.

हे रिंगोच्या बाबतीतही घडलंय. सप्टेंबर १९६२ मध्ये बीटल्सच्या पहिल्या एकेरी रेकॉर्डच्या वेळी निर्मात्यांनी अँडी व्हाइट नावाच्या सेशन ड्रमरला (मानधन घेऊन इतरांच्या रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्याला) बोलावलं आणि त्या टेकवर रिंगोच्या हातात खंजिरी दिली. बँडमध्ये येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. आज रॉक ड्रमिंगचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्याचं नाव घेतात. तेव्हा अल्बमच्या वेळी असं काही वाट्याला आलं तर खचू नका. पण येऊ नये म्हणून आत्तापासून तयारी करा.

तयारी अशी. एखादं गाणं ८० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ८० मात्रांचं, असेल तर मेट्रोनोम (ठरावीक गतीनं ठोका देणारं यंत्र) ४० वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजवा. पहिली मात्रा आता तुमची तुम्हालाच सांभाळायची आहे. ते आठवडाभर सहज जमायला लागलं की मेट्रोनोम २० वर आणा, म्हणजे चार मात्रांच्या मापात एकच ठोका. मधली सगळी जागा तुमची. फिल कुठे पळतो ते पहिल्याच दिवशी कळेल. रोज अर्धा तास हेच करा आणि फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका. हात अजून गरम असतात, तेव्हा सगळं बरंच वाटतं.

दुसरी गोष्ट, कमी वाजवायला शिका. चार्ली वॉट्सचं नंतरच्या काळातलं एखादं चित्रीकरण काढा आणि फक्त उजव्या हाताकडे बघा. हाय-हॅटवर सरळ आठ-आठ ठोके चाललेले असतात, पण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर पडताना तो हात हाय-हॅटवरून उचलतो. त्या क्षणी स्नेअर एकटा वाजतो, त्याच्याभोवती मोकळी जागा राहते. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. मी स्वतः हे महिनाभर करून बघितलं, माझ्या हातात ते कधी मुरलं नाही. पण त्या महिन्यात एक कळलं: न वाजवलेला ठोकाही ऐकू येतो.

शिकणं संपत नाही हेही सांगून ठेवतो. रश या बँडचा ड्रमर नील पिअर्ट १९९० च्या दशकाच्या मध्यात, वीस वर्षं नावाजला गेल्यानंतर, फ्रेडी ग्रूबर या गुरूकडे जाऊन पुन्हा शिकायला बसला. काठी धरण्यापासून सगळं नव्यानं बघितलं. तुमचं वय २६ आहे, डबल पेडलसाठी वेळ गेलेली नाही. फक्त आत्ता ते पहिल्या क्रमांकावर नको.

आता पैसा. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय, कारण ड्रमर लोक इथेच फसतात आणि बहुतेकदा मैत्रीपोटी फसतात.

बँडला पैसा बऱ्याच वाटांनी येतो: कार्यक्रमाचं मानधन, टी-शर्ट वगैरेंची विक्री, रेकॉर्डिंगची रॉयल्टी आणि गाण्याच्या रचनेची रॉयल्टी. यातली शेवटची सगळ्यात जास्त काळ टिकते, आणि ड्रमरला आपणहून मिळत नाही तीही हीच. रचना म्हणजे सहसा शब्द आणि चाल धरली जाते. तुम्ही ठेका शोधला, त्या ठेक्यावरच गाणं उभं राहिलं, तरी कागदावर रचनाकार म्हणून गिटारिस्ट आणि गायकाचंच नाव लागू शकतं. क्वीनचं १९७५ मधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरनं लिहिलेलं गाणं होतं. रेकॉर्ड एकच, त्यामुळे तिच्या विक्रीतून रचनाकाराचे पैसे जितके पुढच्या बाजूला, तितकेच मागच्या बाजूला. यावरून बँडमध्ये कुरबुर झाली. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या, म्हणजे क्वीनच्या नावावर लावायला सुरुवात केली. आर.ई.एम. या बँडनं मात्र गाण्यांवर पहिल्यापासून चौघांची नावं समान लावली. त्यांचा ड्रमर बिल बेरी १९९५ मध्ये मंचावर मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारानं कोसळला, बरा झाला आणि १९९७ मध्ये बँड सोडून गेला. तोवर केलेल्या कामावरचं त्याचं नाव त्याच्याबरोबर राहिलं.

उलटं उदाहरण द स्मिथ्स या बँडचा ड्रमर माइक जॉइस याचं. रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या नफ्यातला त्याला १० टक्के वाटा मिळत होता, गायक आणि गिटारिस्ट ४०-४० घेत होते. लेखी करार नव्हताच. तो कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं त्याला २५ टक्के दिले, कारण वेगळं ठरल्याचा पुरावा नसेल तर तिथल्या भागीदारीच्या कायद्यानुसार भागीदार समान धरले जातात. त्याला न्याय मिळाला, पण बँड मोडल्यावर नऊ वर्षांनी, आणि जुनी मैत्री कायमची गेली. तुमच्या इथला कायदा वेगळा असू शकतो. वकिलाकडे एकदा जाऊन या, तासाभराचं काम आहे.

तुमच्या तिघांशी हे बोलायची वेळ आत्ताची आहे, अल्बमच्या आधी, सगळे एकमेकांवर खूश असताना. मी एका बँडमध्ये हे बोलायचं टाळलं. वाटलं, इतक्या चांगल्या दिवसांत पैशांचं कशाला काढायचं. त्या बँडचं एक गाणं अजून वाजतं. त्याची सुरुवात फक्त माझ्या ड्रमनं होते, आठ मापं. रचनेत माझं नाव नाही. अजूनही ते कुठे कानावर पडलं की मी गप्प होतो.

शरीराचं थोडक्यात, पण गांभीर्यानं घ्या. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. तालमीच्या खोलीत ड्रमरच्या कानाशी आवाज सहज १०० च्या वर जातो, आणि तालीम चालते तीन तास. माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, बारा वर्षं झाली, ती रात्रीही थांबत नाही. डावीकडेच हाय-हॅट असतो. वादकांसाठीचे, सगळे स्वर सारखे कमी करणारे इअरप्लग घ्या. साध्या फोमच्या बोळ्यांनी झांजांचा आवाज दबतो, मग आपण नकळत जास्त जोरात वाजवायला लागतो. आणि स्टूल चांगलं घ्या. नवी झांज मागाहून आली तरी चालेल. ड्रमर-गायक फिल कॉलिन्सनं पाठीच्या-मानेच्या मणक्यांमुळे हाताची ताकद गमावली; त्याच्या जेनेसिस या बँडच्या २०२१-२२ च्या शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा होता. सगळं पाठीवरच येतं असं नाही, पण दौऱ्यावर रोज सामान आपणच उचलतो आणि रोज दोन-दोन तास त्याच स्टुलावर बसतो.

बरोबरची माणसं कशी आहेत यावरही खूप काही अवलंबून आहे. डेफ लेपर्डच्या रिक ॲलननं १९८४ च्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात डावा हात गमावला. बँडनं त्याला काढून त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही. डाव्या हाताचं काम डाव्या पायाकडे द्यायचं म्हणून इलेक्ट्रॉनिक पेडल तयार करवून घेतली गेली, आणि १९८६ मध्ये तो पुन्हा मोठ्या मंचावर बसला. तुमच्या तिघांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दोन महिने आजारी पडलात तर त्यांतलं कोण काय म्हणेल, हे पाच वर्षांत तुम्हाला पुरतं कळलं असेल.

तर मी तुमच्या जागी काय केलं असतं? तुमच्यावर कर्ज आहे का, घरात कुणी तुमच्या पगारावर अवलंबून आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच काही ठरेल. ते नसेल आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तर मी उतरलो असतो. कर्ज किंवा घरची जबाबदारी असेल, तर आधी नोकरीत बिनपगारी रजेचं विचारलं असतं. तीन महिन्यांचा दौरा रजेवर करता येतो आणि पूर्णवेळ आयुष्य कसं असतं तेही कळतं. दोन्ही बाबतींत वाट्याचा कागद झाल्याशिवाय राजीनामा दिला नसता. आणि आजपासून अल्बमपर्यंत महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलं असतं, पैसे मिळोत न मिळोत. एका अनोळखी बँडची वीस गाणी चार दिवसांत बसवून बघा. प्रत्येक गाण्याला अर्धं पान: लय किती, सुरुवात कोण करतं, कडवं किती मापांचं, कुठे थांबायचं, शेवट कसा. एवढं केलंत की चार दिवसांत तुमची कमतरता कुठे आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा नेमकं कळेल.

तुमच्या अल्बममधलं एखादं गाणं निवडा आणि क्लिकवर फक्त ड्रम वाजवून रेकॉर्ड करा, बाकी कुणी नको. कोरसच्या आधीचा फिल आणि त्यानंतरची चार मापं तेवढी पाठवा. ऐकून सांगतो.